आठ लाखांचं कर्ज काढून केमिकल इंजिनिअरिंग करावं का?

प्रश्न वाळवा तालुक्यातल्या एका वडिलांचा आहे. मुलाला एमएचटी-सीईटीत ८५च्या आसपास पर्सेंटाइल. कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, कोकणातल्या एका खासगी कॉलेजात केमिकल मिळालंय. फी वर्षाला १ लाख १० हजार, राहणं-जेवण आणखी ८० हजार. त्याच वेळी एक एजंट पुण्याजवळच्या अभिमत विद्यापीठात मॅनेजमेंट कोट्यातून केमिकलच मिळवून देतो म्हणतोय. तिथं फी ३ लाख, राहण्या-जेवणाचे १ लाख २० हजार. बँक पहिल्या ठिकाणासाठी ८ लाख, दुसऱ्यासाठी १६ लाख द्यायला तयार आहे, राहतं घर तारण ठेवून. घर ऊस आणि दुधावर चालतं, वर्षाचं उत्पन्न ५ लाखांच्या आतबाहेर, प्रवर्ग खुला. त्यांनी विचारलंय, "या लाइनला पैसा आहे का? आणि कर्ज फिटेल का?"

आधी सरळ उत्तर देतो. कोकणातलं कॉलेज घ्या, पण ८ लाख कर्ज काढू नका. ते ४ लाखांच्या आत आणता येतं. अभिमत विद्यापीठाचा विषय मुलाच्या हट्टापायीसुद्धा काढू नका. आणि पैसा आहे का, तर आहे, पण उशिरा आहे. तुम्ही ऊसवाले आहात म्हणून सांगतो, हे आडसाली, म्हणजे दीड वर्षानं हाती येणारं पीक आहे. अडचण पिकाची नसते, मधल्या महिन्यांत सोसायटीचा हप्ता कुठून भरायचा याची असते.

मी पंचवीसेक वर्षं बॅच प्लांटमध्ये, म्हणजे एकेक घाणा करून रसायनं बनवणाऱ्या कारखान्यांत काढली, आधी शिफ्टमध्ये, मग प्रॉडक्शनला, मग प्रोजेक्टला. गेली बरीच वर्षं नव्या पोरांच्या मुलाखतीही घेतो. त्यामुळे पॅकेज या शब्दाची मला थोडी ॲलर्जी आहे. त्याची फोड करून दाखवतो.

कुरकुंभ, तळोजा, तारापूर, महाड, लोटे, नाहीतर गुजरातेत वापी, अंकलेश्वर, दहेज इथल्या मध्यम कंपन्यांत नवख्या बी.ई.ला मी पाहतो ते पॅकेज ३ ते साडेचार लाखांचं असतं. मोठ्या कंपन्या ६-८ लाख आणि त्याहून जास्तही देतात, पण त्या पोरं उचलायला माटुंग्याच्या आयसीटीत, नागपूरच्या एलआयटीत, व्हीएनआयटीत, आयआयटीत जातात. तुमच्या मुलाच्या कॉलेजातून तिथवर पोचणारी मुलं असतात, पण थोडी. हिशेब त्यांच्यावर बांधायचा नाही.

समजा ४ लाख २० हजारांचं पॅकेज मिळालं, म्हणजे बऱ्यापैकी नशीब. महिन्याचे ३५ हजार झाले. मूळ वेतन १७,५०० धरा. या ३५ हजारांतच कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० मोजलेला असतो, ग्रॅच्युइटीचे ८४० असतात, विम्याचे ५०० असतात आणि 'व्हेरिएबल' नावाचे ३,००० असतात, जे वर्षअखेरीला मिळाले तर मिळतात. हे वजा जाता पगारपत्रकावर २८,८६० उरले. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ १,८००, व्यवसाय कर २००, कॅन्टीन आणि बसचे ९००. खात्यात पडतात २५,९६०. सव्वीस हजार म्हणू. दोघातिघांत घेतलेली खोली ४ हजार, मेस ४ हजार, मोबाइल-पेट्रोल-कपडालत्ता ३ हजार, गावी येणं-जाणं दीड-दोन हजार. कितीही काटकसरी पोरगा असला तरी हातात १३ हजारांपेक्षा जास्त राहत नाही. आणि एखाद्या महिन्यात मित्राचं लग्न निघालं की तेवढेही नाही.

आता बँकेकडून बघू. सरकारी बँकांचा दर अशा कॉलेजांसाठी १० टक्क्यांच्या आसपास धरतो. ८ लाख म्हणजे दरवर्षी २ लाख उचलायचे. शिक्षणाची चार वर्षं आणि वरचं एक वर्ष हप्ता नसतो. पालक हे ऐकून निश्चिंत होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. पहिल्या उचलीवर पाच वर्षांचं, दुसरीवर चार, तिसरीवर तीन, चौथीवर दोन. सरळव्याजानं सुद्धा ते २ लाख ८० हजार होतं. म्हणजे हप्ता सुरू होतो तेव्हा कर्ज ८ लाख नसतं, १० लाख ८० हजार असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे १४,२७० रुपये. सात वर्षांत फेडायचं तर १७,९००च्या पुढं. बँकवाला म्हणेल पंधरा वर्षं घ्या, हप्ता ११,६००वर येतो. येतो खरा, पण मग ८ लाखांचे एकूण जवळजवळ २१ लाख भरले जातात, आणि पोरगा अडतीस वर्षांचा होईपर्यंत त्याच्या डोक्यावर कॉलेजचं कर्ज असतं.

उरतात १३ हजार, हप्ता १४ हजार. पहिल्या दोन-तीन वर्षांत ही फट वडीलच भरतात, दुधाच्या पगारातून. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत असंच होतं, आणि घरात कुणी ते बोलून दाखवत नाही.

अभिमत विद्यापीठाचा आकडा याच रीतीनं काढा. वर्षाला ४ लाखांची उचल, चार वर्षांत १६ लाख, हप्ता सुरू होताना २१ लाख ६० हजार, दहा वर्षांचा मासिक हप्ता २८,५००च्या वर. खात्यात पडणारा सगळा पगार दिला तरी भागत नाही. पदवीवर कुणाचं नाव आहे यानं सुरुवातीच्या पगारात फरक पडतो हे खरं. पण त्या विशिष्ट विद्यापीठातून केमिकलची मुलं कोकणातल्या कॉलेजातल्या मुलांपेक्षा दुप्पट पगारावर लागतात, असं मला मुलाखतींच्या टेबलावर तरी दिसलेलं नाही. दोन्हीकडची पोरं एकाच दिवशी, एकाच खुर्चीवर, एकाच पगारासाठी बसतात.

पगार सुरुवातीला इतका कमी का, हे समजून घेतलं तर पुढचं गणित कळेल. बॅच प्लांटमध्ये रात्री अडीच वाजता कोण उभं असतं ते बघा. रिॲक्टरला ॲडिशन चालू आहे, जॅकेटला, म्हणजे बाहेरच्या आवरणाला, चिल्ड ब्राइन (थंडगार खारं पाणी), तापमान ५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. ऑपरेटर दर पंधरा मिनिटांनी लॉगशीट भरतोय. सॅम्पल क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला गेलंय, रिपोर्ट आल्याशिवाय पुढची स्टेज घेता येत नाही. खाली सेंट्रिफ्यूजवर आधीच्या बॅचचा ओला केक उतरतोय. या सगळ्यावर जो शिफ्टचा माणूस आहे तो बी.ई. असेल, डिप्लोमावाला असेल किंवा बी.एस्सी. केमिस्ट्री करून आलेला शिफ्ट केमिस्ट असेल. पहिल्या तीन वर्षांत कंपनीला या तिघांत फारसा फरक दिसत नाही, म्हणून ती तिघांच्या पगारातही फारसा फरक करत नाही. उलट चार वर्षं प्लांटवर काढलेला बी.एस्सी.वाला नव्या इंजिनिअरला पहिल्या आठवड्यातच गप्प बसवतो, आणि ते योग्यच असतं.

फरक चौथ्या-पाचव्या वर्षापासून पडायला लागतो. आर अँड डीतून आलेली प्रक्रिया दोन लिटरच्या फ्लास्कमधून पाच हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये न्यायची असते, तेव्हा उष्णता किती निघेल, ती काढायला जॅकेट पुरेल का, ढवळणी कुठली लागेल, हे ज्याला काढता येतं त्याची किंमत वाढते. सॉल्व्हंटची रिकव्हरी चार टक्क्यांनी सुधारून दाखवली की मालक नावानं ओळखायला लागतो. पी अँड आयडी (प्लांटच्या पाइप-उपकरणांचा नकाशा) वाचता येणं, हॅझॉपच्या (धोके शोधायच्या) बैठकीत तोंड उघडता येणं, नव्या ब्लॉकचं इक्विपमेंट सायझिंग करणं, ही कामं पदवीवाल्याची. इथून पगाराची चाल बदलते. मला दिसणारे आकडे सांगायचे तर पाच वर्षांत ६ ते ८ लाख, दहा वर्षांत १२ ते १८, आणि पंधरा-सतरा वर्षांनी प्लांटचा प्रमुख झाला तर ३० लाखांच्या पुढं. आखातात जाणारे साधारण पाच-सात वर्षांच्या अनुभवावर जातात, त्यातही रिफायनरी किंवा पेट्रोकेमिकलमध्ये कंटिन्यूअस, म्हणजे अखंड चालणाऱ्या प्लांटच्या कंट्रोल पॅनलवर बसलेले आधी. बॅच प्लांटवाल्याला तिकडं मागणी कमी.

म्हणून माझा ठोकताळा साधा आहे. हप्ता सुरू होताना व्याजासकट जेवढं कर्ज असेल, ते मुलाच्या पहिल्या वर्षाच्या पॅकेजच्या सव्वापटीपेक्षा जास्त नको. ४ लाख २० हजारांच्या हिशेबात ते सव्वापाच लाख होतात. आणि ते पॅकेज कॉलेजच्या जाहिरातीतलं नव्हे, मागच्या वर्षी त्याच शाखेतल्या मधल्या मुलाला मिळालेलं.

आता ८ लाखांचे ४ कसे करायचे.

तुमचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे आणि प्रवेश कॅपमधून आहे. म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत खुल्या प्रवर्गातल्या मुलाला निम्मी शिक्षण शुल्काची सवलत मिळते. १ लाख १० हजारांत शिक्षण शुल्क लाखभर असेल, बाकी विकास शुल्क वगैरे. म्हणजे वर्षाला ५० हजार, चार वर्षांत २ लाख सुटले. यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर दरवर्षी अर्ज करावा लागतो. पहिल्या वर्षी भरला म्हणून पुढचे आपोआप होत नाहीत. पैसे उशिरा येतात. काही कॉलेजं पूर्ण फी आधी भरून घ्यायला बघतात, तिथं शांतपणे पण ठामपणे बोला. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ही सवलत नाही. एजंट हे सांगत नाही, कारण त्याला विचारत कुणी नाही.

दुसरं, ट्यूशन फी वेव्हर स्कीम. प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या ५ टक्के जादा जागा असतात, त्यांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ. उत्पन्नाची अट तीच, ८ लाख. कटऑफ चढा असतो, पण केमिकलला संगणक शाखेइतकी झुंबड नसते. पुढच्या फेरीचा पर्याय अजून हातात असेल तर पसंतीक्रमात या योजनेचे कोड वेगळे भरावे लागतात, ते वर टाका. आणि वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अल्पभूधारकाचा दाखला असेल तर जास्त मिळतो, म्हणून तलाठ्याकडं आजच जा.

(मुलगी असती तर हा परिच्छेद दोन ओळींत संपला असता. २०२४-२५पासून ८ लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींना कॅपमधल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. फक्त त्या बाजूला दुसरी अडचण उभी राहते. रात्रपाळीच्या प्लांटवर मुली घ्यायला बऱ्याच कंपन्या अजून का-कू करतात आणि त्यांना क्यूए, आर अँड डी, डिझाइनमध्ये बसवतात. तिथं पगार वाईट नाही, पण जागा कमी.)

वर्षाचे १ लाख ९० हजार होते. निम्मी फी सुटली की १ लाख ४० हजार. तुम्ही म्हणता महिन्याला ४-५ हजार बाजूला पडतात. कर्ज असेल तरच मुलाला जबाबदारी कळते, असं म्हणून ते पैसे ट्रॅक्टरकडं वळवू नका. वर्षाला ४०-५० हजार घरातून आले की कर्ज वर्षाला ९० हजार ते १ लाख. चार वर्षांत ४ लाखांच्या आत.

हा ४ लाखांचा आकडा मी उगाच धरलेला नाही. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारणही लागत नाही आणि त्रयस्थ जामीनदारही नाही, आई-वडील सहकर्जदार असले की झालं. ४ ते साडेसात लाखांत जामीनदार मागू शकतात. तारणाची पायरी साडेसात लाखांच्या वर सुरू होते. तुमचं ८ लाखांचं कर्ज नेमकं त्या रेषेच्या पन्नास हजार पलीकडं आहे, आणि एवढ्यासाठी राहतं घर बँकेच्या कागदावर जातंय. शाखेत हे कुणी सांगितलं नसेल तर नवल नाही. घरच का मागतात, शेत का नको, तर थकलेल्या कर्जाचं तारण जप्त करायचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. बँकेला विकता येईल असंच तारण हवं असतं.

४ लाखांचं कर्ज हप्ता सुरू होताना ५ लाख ४० हजार होतं. म्हणजे माझ्या ठोकताळ्याच्या उंबऱ्यावर, किंचित वरच. दहा वर्षांचा हप्ता ७,१४० रुपये, सात वर्षांचा ८,९६५. तेरा हजारांतून सात वर्षांचा हप्ता जातो आणि महिन्याला चार हजार उरतात. याहून बरं म्हणजे शिक्षण चालू असताना व्याज भरत राहणं. पहिल्या वर्षी महिन्याला ८३३ रुपये, दुसऱ्या वर्षी १,६६७, तिसऱ्या वर्षी २,५००, पुढं ३,३३३. मग कर्ज ४ लाखच राहतं आणि दहा वर्षांचा हप्ता ५,२९०वर येतो. काही बँका असं व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्का सूट देतात. ती मागितल्याशिवाय मिळत नाही.

उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत शिक्षणाच्या काळातलं व्याज सरकार भरतं. तुमचं ५ लाखांच्या आतबाहेर म्हणताय, तर दाखल्यावर नेमकं काय येतं ते बघा. नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना निवडक वरच्या संस्थांसाठी आहे. कोकणातलं तुमचं कॉलेज त्या यादीत असण्याची शक्यता कमी, आणि मॅनेजमेंट कोट्याला ती चालत नाही. बँकेत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची ८०ई कलमाची करसवलत दाखवून गळ घालतील, तिकडं लक्ष देऊ नका. ती जुन्या करप्रणालीत आहे, आणि सव्वाचार लाख पगारावर तसाही कर बसत नाही. जो कर भरायचाच नाही त्यात सूट कसली?

एक गोष्ट मात्र कोरून ठेवा. सहकर्जदार तुम्ही आहात. हप्ता थकला तर सिबिल दोघांचं बिघडतं, आणि पुढच्या वेळी म्हशींसाठी कर्ज मागायला गेलात की तो जुना हप्ता आधी समोर येतो.

आता कॉलेजला काय विचारायचं. 'हायेस्ट पॅकेज' विचारू नका. मागच्या दोन वर्षांत केमिकलची किती मुलं पास झाली, त्यातली किती प्लांटमध्ये किंवा डिझाइनमध्ये लागली आणि किती सॉफ्टवेअरमध्ये, हे विचारा. ज्यांना 'प्लेस्ड' दाखवलंय त्यातले किती जण एक वर्षाच्या ॲप्रेंटिसशिपवर आहेत, हेही विचारा, कारण स्टायपेंडवरची ॲप्रेंटिसशिप माहितीपत्रकात सर्रास नोकरी म्हणून मोजली जाते. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीत, भाग घेणाऱ्या कॉलेजच्या वेबसाइटवर तिथं भरलेली माहिती असते, त्यात पगाराचा मध्यांक मिळतो. तो सगळ्या शाखांचा एकत्र असतो, त्यामुळे संगणकवाल्यांनी तो वर ओढलेला असतो. तरीही जाहिरातीपेक्षा खरा. आणि शक्य असेल तर कॉलेजच्या गेटबाहेर चहा पिणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या चार मुलांना विचारा. ती खरं सांगतात, कधीकधी गरजेपेक्षा जास्त.

तुमच्या कॉलेजची एक जमेची बाजू आहे. लोटे, महाड, रोहा हा पट्टा जवळ आहे. चार वर्षांत दोन उन्हाळे एखाद्या प्लांटमध्ये घालवलेला मुलगा माझ्यासमोर येतो तेव्हा पाच मिनिटांत कळतो. मी पुस्तकातलं फार विचारत नाही. पंपाला कॅव्हिटेशन झालं तर आवाज कसा येतो, कंडेन्सरचं पाणी बंद पडलं तर पहिल्यांदा काय बंद करशील, एवढंच. आठ सीजीपीएवाली मुलं इथं गप्प होतात.

'कोकणात रिफायनरी येणार, मग नोकऱ्याच नोकऱ्या' असं एजंट म्हणाला असेल, तर त्याला नाणारची आठवण करून द्या. तिथली भूसंपादनाची अधिसूचना २०१९मध्ये रद्द झाली. मग बारसूचं नाव आलं, २०२३मध्ये माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं. न उभ्या राहिलेल्या प्लांटच्या भरवशावर हप्ता भरता येत नाही. उभ्या असलेल्यांचाही भरवसा नसतो. मी शिकत होतो तेव्हा रसायनीची एचओसी (हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स) म्हणजे जन्माची सोय समजत. सरकारी कंपनी, टाउनशिप, शाळा, सगळं. २०१७मध्ये केंद्रानं रसायनीतले जवळजवळ सगळे प्लांट बंद करायचा निर्णय घेतला. खासगीत तर मंदी दर काही वर्षांनी येतेच. २०२३मध्ये ॲग्रोकेमिकलचे भाव कोसळले तेव्हा बऱ्याच ठिकाणी भरती थांबली आणि व्हेरिएबल शून्यावर आलं. म्हणून म्हणतो, हप्ता असा हवा की सहा महिने नोकरी नसली तरी घरातून ओढता येईल.

जिवाची गोष्टही पैशाच्याच हिशेबात धरायला हवी. डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६मध्ये स्फोट झाला, आठ वर्षांनी मे २०२४मध्ये पुन्हा झाला, दोन्ही वेळा माणसं गेली. सगळे प्लांट तसे नसतात, चांगल्या कंपन्यांत शिस्त कडक असते. पण डोक्यावर मोठा हप्ता असलेला पोरगा वाईट कंपनी सोडू शकत नाही. जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हखाली कुणीतरी ब्लाइंड, म्हणजे वाट बंद करणारी चकती, मारून ठेवलीय हे दिसलं तर 'मी बॅच चालवणार नाही' म्हणायला खिशात तीन महिन्यांचे पैसे लागतात. कर्ज कमी ठेवा म्हणतो त्याचं माझ्या मनातलं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, व्याजदर त्यानंतर.

सॉफ्टवेअरमध्ये जाण्याबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. केमिकल करून आयटीत जाणारी मुलं पुष्कळ आहेत, सुरुवातीचा पगार तिथंही साडेतीन लाखांच्या आतबाहेरच, फक्त रात्रपाळी नाही आणि शहर मिळतं. मुलाच्या मनात आधीपासून तेच असेल तर केमिकलवर चार वर्षं आणि चार लाख घालण्यात अर्थ नाही. गावाजवळ बीसीए किंवा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स करून तिथं स्वस्तात पोचता येतं.

सरकारी तेल कंपन्यांचं म्हणाल तर गेट ही इंजिनिअरांची देशपातळीवरची परीक्षा किंवा त्यांची स्वतःची परीक्षा द्यावी लागते. इंडियन ऑइलमध्ये अधिकाऱ्याची सुरुवातीची श्रेणी ५० हजार ते १ लाख ६० हजार आहे, भत्ते वेगळे. तिथं लागला तर ४ लाखांचं कर्ज दीड-दोन वर्षांत संपेल. बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) प्रशिक्षणालाही केमिकलवाल्यांना जागा असतात. तयारी जरूर करावी, पण घरात बसून तीन वर्षं नाही. नोकरी करत एक प्रयत्न, फार तर दोन. परदेशात एम.एस.चा विचार आत्ता डोक्यात घेऊ नका, ते दुसरं आणि याहून कितीतरी मोठं कर्ज आहे.

मुलाशी मात्र एक बोलणं व्हायला हवं, आणि ते पैशांबद्दल नाही. तुम्ही लिहिलंय की त्याला रसायनशास्त्र आवडतं म्हणून केमिकल. या शाखेत रसायनशास्त्र कमी आणि गणित-भौतिकशास्त्र जास्त आहे. फ्लुइड फ्लो, हीट ट्रान्सफर, मास ट्रान्सफर, थर्मोडायनॅमिक्स यांतच चार वर्षं जातात. त्याला प्रयोगशाळेत नवा पदार्थ बनवण्यात रस असेल तर बी.एस्सी. आणि मग ऑरगॅनिकमध्ये एम.एस्सी. हा रस्ता बरोबर. इस्लामपूर-सांगलीत राहून, जवळजवळ बिनकर्जाचा. औषध कंपन्यांच्या आर अँड डीत चांगल्या ऑरगॅनिकवाल्याला मान आहे. आणि त्याला पाइप, पंप, व्हॉल्व्ह, मोठी यंत्रं बघून बरं वाटत असेल, चार-पाच वर्षं एमआयडीसीच्या गावात राहायची तयारी असेल, तर केमिकल. एकदा त्याला एखाद्या साखर कारखान्यात हंगामात दिवसभर उभा करा. इव्हॅपोरेटर, पॅन, सेंट्रिफ्यूगल, बॉयलर सगळं तिथं आहे, तुमच्या तालुक्यात ओळखही निघेल. दुपारनंतर तो कंटाळला की प्रश्न विचारायला लागला, ते बघा.

आणि एजंटाला टोकन दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर पावतीवर नाव कुणाचं आहे ते आधी पाहा. विद्यापीठाच्या नावाची पावती असेल तर लेखी प्रवेश रद्द करून परतावा मागा, अर्जाची पोच घ्या. त्याच्या स्वतःच्या किंवा कुठल्या 'कन्सल्टन्सी'च्या नावाची असेल तर फोनवर गोड बोलत बसू नका, पैसे पाठवल्याचा बँकेचा उतारा आणि त्याचे मेसेज जपून ठेवा आणि सरळ पोलिसांत तक्रार करतो म्हणून सांगा. कॅपची जागा मात्र त्या भानगडीत सोडू नका. कागद तपासून फी भरायची शेवटची तारीख चुकली तर वर लिहिलेली सगळी बेरीज वजाबाकी वाया जाईल.